लॅक्टिक ॲसिड आणि लिम्फोमा: बाबांचं दही बंद करायचं का?

सोमेश्वरी | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. नाशिकलाच आहे, इंदिरानगरात.

बाबा ६८ वर्षांचे, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी ताप, रात्री सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि वजन ७१ वरून ६२. मानेत गाठ होती. एका ठिकाणी सुईने तपासणी केली, टीबी असेल म्हणून औषधं सुरू केली आणि त्यात दोन महिने गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून बायप्सीला पाठवली. रिपोर्ट आला, डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कर्करोग.

किमोची तारीख ठरली होती, पण त्याआधीच शुक्रवारी बाबांना धाप लागली. पलंगावर पडलेला माणूस, पण श्वास पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आल्यासारखा खोल आणि भरभर. ऑक्सिजन ९८, बीपी ठीक, छातीचा फोटो स्वच्छ. मनगटातून रक्त काढलं तर लॅक्टेट, म्हणजे रक्तातलं लॅक्टिक ॲसिड, ९.४! साखर ५४. आणि एवढ्या कमी साखरेत बाबा मला विचारत होते, "गाडी कुठे लावलीस? पावती घेतलीस ना?" डॉक्टर म्हणाले, हे लिम्फोमामुळेच आहे, आता थांबायचं नाही. शनिवारी पहिली किमो सुरू झाली.

आता प्रश्न. माझी आत्या दहीपुलाजवळ राहते. गेली चाळीस वर्षं दर गुरुवारी तिच्या हातचं दही स्टीलच्या डब्यातून आमच्याकडे येतं. तिने कुठेतरी वाचलं की दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं आणि लॅक्टिक ॲसिडचा लिम्फोमाशी संबंध आहे. झालं, दही, ताक, इडली, ढोकळा, लोणचं सगळं बंद. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. काल रात्री ती माझ्याजवळ बसून रडली, "माझ्याच विरजणाने दादाला हे झालं गं."

संबंध नक्की काय आहे? कुणी सोप्या मराठीत सांगेल का? मला तिला वाचून दाखवायचंय.

ओझरकर | सोमवार, रात्री ११:३२

ताई, तुमच्या बाबांना मी कदाचित ओळखतही असेन, तिथेच ३१ वर्षं काढली. काळजी घ्या. रक्त लागलं, प्लेटलेट लागल्या तर इथेच लिहा, आमचा ग्रुप आहे.

सायकलवेडा | मंगळवार, सकाळी ६:०५

मला वाटायचं लॅक्टिक ॲसिड म्हणजे कसाऱ्याचा घाट चढताना मांडीत भरतं ते. ते रक्तात ९.४ होऊन माणसाला धाप लागते हे पहिल्यांदाच ऐकतोय. काकांना लवकर आराम पडो.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ९:४८

सोमेश्वरी, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून ३५ वर्षं काम केलं. डॉक्टर नाही, पण ही तपासणी शेकडो वेळा हाताने केली आहे. आत्याबाईंना माझ्याकडून सांगा की दह्याचा यात काडीचाही संबंध नाही.

सगळा घोळ नावाने घातलाय. १७८० मध्ये शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते नासलेल्या दुधातून. म्हणून लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरून नाव पडलं, आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ते दुग्धाम्ल झालं. शीलला ते आधी स्नायूत सापडलं असतं तर आज तुमच्या आत्यावर रडायची वेळ आली नसती. हे आम्ल आपल्या शरीरात अष्टौप्रहर तयार होतं. तांबड्या रक्तपेशी तर जगतातच अशा, साखर तोडायची आणि लॅक्टेट बाहेर टाकायचं. दुसरीकडे यकृत ते उचलून त्याची परत साखर करतं. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तात ते २ मिलिमोलच्या आत राहतं.

वाटीभर दह्यातलं आम्ल यकृत सहज निस्तरतं. रक्तातला आकडा ९ वर जातो तेव्हा ते आम्ल आतच कुठेतरी तयार होत असतं.

मिसळ_जरा_कमी_तिखट | मंगळवार, सकाळी ११:१५

मला पटत नाही. आम्ल वाढलंय तर वरून आणखी आम्ल कशाला द्यायचं? आजारी माणसाला दही थंडही पडतं. बंद केलं तर बिघडलं काय?

सोमेश्वरी | मंगळवार, दुपारी १२:०२

बिघडलंय हे की बाबा गेल्या महिन्याभरात फक्त दहीभात जेवत होते. बाकी काही घशाखाली उतरत नाही त्यांच्या. वजन ६२ आहे हो.

गोदातीर | मंगळवार, दुपारी ३:४०

मी फिजिशियन आहे, काही वर्षं आयसीयूमध्ये काढली आहेत. रुग्णाला न बघता उपचार सांगणार नाही, पण संबंध काय तो सांगतो.

रक्तात लॅक्टेट वाढण्याची दोन प्रकारची कारणं असतात. पहिल्या प्रकारात शरीराला प्राणवायू पोहोचत नाही, म्हणजे बीपी कोसळलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, हृदय थकलं. रोज बघतो आम्ही हे. दुसऱ्या प्रकारात प्राणवायू व्यवस्थित असतो, बीपी उत्तम असतं आणि तरीही लॅक्टेट वाढतं. याला बी प्रकार म्हणतात. ही विभागणी १९७६ पासून वापरात आहे. मेटफॉर्मिनसारखी काही औषधं, यकृताचा आजार, बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यातली कारणं. आणि रक्ताचे कर्करोग, त्यातही झपाट्याने वाढणारे लिम्फोमा. बर्किट लिम्फोमा, आणि तुमच्या वडिलांना आहे तो डिफ्यूज लार्ज बी सेल.

असं का होतं? ऑटो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पाहिलं की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू हाताशी असतानाही साखर पूर्ण जाळत नाहीत. साध्या पेशीला ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची ३० च्या आसपास नाणी मिळतात. या पेशी अर्ध्या वाटेवर थांबतात, दोनच नाणी घेतात आणि उरलेलं लॅक्टेट म्हणून बाहेर फेकतात. हा तोट्याचा व्यवहार वाटेल, पण त्यांना घाई असते दुप्पट होण्याची. साखरेचा सांगाडा त्यांना नवीन पेशी बांधायला हवा असतो. म्हणून त्या साखर ओरबाडतात. गाठी थोड्या असतील तर यकृत ते लॅक्टेट निस्तरतं. गाठी खूप असतील, किंवा यकृतातच लिम्फोमा घुसला असेल, तर आवक प्रचंड आणि निचरा बंद.

आता तुमच्या पावतीच्या प्रश्नाकडे येतो. साखर ५४ असताना माणूस घामाघूम व्हायला हवा, बरळायला हवा. बाबा बोलत होते, कारण मेंदू लॅक्टेटवरही चालू शकतो, आणि ते तर रक्तात भरपूर होतं. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत. आणि ती धाप फुप्फुसाची नव्हती. रक्त आंबट झालं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सावरायला बघतं, म्हणून तो खोल श्वास.

एक गोष्ट लपवणार नाही. लिम्फोमात हे दिसणं गंभीर आहे. पण इलाजही तोच, लिम्फोमावरचा. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी किमो सुरू केली हे उत्तम केलं.

वाईनघरातला | मंगळवार, संध्याकाळी ७:२२

गोदातीर यांचं वाचून राहवेना. दिंडोरी रस्त्याला वायनरीत काम करतो. आमचं यीस्टही हेच करतं! द्राक्षाचा रस गोड असला की भोवती प्राणवायू असूनही यीस्ट साखर पूर्ण जाळत बसत नाही, अर्ध्यात सोडून अल्कोहोल करतं. टाकीला कान लावला तर बुडबुड ऐकू येते. साखर मुबलक आणि वाढायची घाई, हे दोन्ही जमलं की पेशी असंच वागत असणार.

आणखी एक. रेड वाईनमध्ये पुढे एक दुसरं आंबवण होतं, त्यात जीवाणू द्राक्षातल्या मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करतात. चव मऊ होते, दातांना झोंबणारा आंबटपणा जातो. म्हणजे लॅक्टिक ॲसिड हे तसं सौम्य आम्ल. आत्यांना सांगा, त्यांच्या दह्याचं आणि आमच्या टाकीतलं आम्ल भाऊबंद आहे, आणि दोघंही निर्दोष.

सायकलवेडा | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मग आमच्या मांडीत भरतं ते काय?

गोदातीर | मंगळवार, रात्री ९:१५

सायकलवेडा, जोर लावताना लॅक्टेट तयार होतंच, चांगल्या धावपटूच्या रक्तात काही मिनिटं ते १० च्या वरही जातं. पण थांबल्यावर तासाभरात ते साफ होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंच्या बारीक इजेमुळे, लॅक्टिक ॲसिडमुळे नाही. आपली सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा शेवटच्या फेरीत तिच्याही रक्तात ते चढलेलं असणार. स्नायूंनी सोडलेलं लॅक्टेट यकृतात जाऊन परत साखर होतं, हे चक्र कोरी दांपत्याने शोधलं, १९४७ चं नोबेल मिळालं त्यांना. धावपटूचा आकडा तासाभरात उतरतो, बाबांचा पडून राहूनही उतरत नव्हता, कारण गाठी अहोरात्र धावत होत्या.

निसर्गमित्र | बुधवार, सकाळी ८:३०

म्हणूनच मी सर्वांना सांगतो की कर्करोग आंबट शरीरातच वाढतो. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून खायचा सोडा, अल्कलाइन पाणी आणि साखर पूर्ण बंद. माझ्या परिचितांना फायदा झालाय. किमोने शरीराची हानी होते.

गोदातीर | बुधवार, सकाळी ९:०५

निसर्गमित्र, तुमचा हेतू चांगला आहे असं मानून लिहितो, पण हे वाचून कुणी किमो थांबवली तर जीव जाईल.

रक्ताची आम्लता (पीएच) ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात. पाणी कसलंही प्या, पोटात गेलं की जठराच्या आम्लात मिसळतं. बाबांचं रक्त आंबट झालं ते लिम्फोमामुळे. तुम्ही कारण आणि परिणाम उलटे लावताय. आम्ही आयसीयूमध्ये बायकार्बोनेट, म्हणजे याच सोड्याचं द्रावण, शिरेतून देतो, पण फार बिघडलं तरच, मोजून, वेळ काढण्यापुरतं. तेवढ्याने लॅक्टेट थांबत नाही, कारण कारखाना चालूच असतो. घरी चमचा-चमचा सोडा घेतला तर सोडियम वाढतं, अंगावर सूज येते, बीपीच्या माणसाचं हृदय थकतं.

आणि साखर बंद करून गाठ उपाशी मरत नाही. खायला दिलं नाही तर यकृत स्नायू मोडून साखर करतं. वजन घटतं माणसाचं.

निसर्गमित्र | बुधवार, सकाळी १०:४०

ठीक आहे. किमो थांबवा असं मला म्हणायचं नव्हतं. काकांना शुभेच्छा.

शाल्मली | बुधवार, दुपारी २:१८

काल रात्रीपासून तीनदा धागा उघडला आणि बंद केला. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझा भाऊ ४४ वर्षांचा होता. त्यालाही टीबीचीच औषधं चालू होती, गाठ कमी होईना तरी चार महिने. कुणी बायप्सी सांगितली नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. शेवटी त्याला असाच श्वास लागला. दमा समजून वाफारा दिला, न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिली. लॅक्टेट तिसऱ्या दिवशी तपासलं, ते १४ होतं. निदान कागदावर आलं तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता, आणि औषध द्यायची वेळ निघून गेली होती.

सोमेश्वरी, तुझ्या बाबांचं लगेच ओळखलं गेलं हे वाचून मला खरंच बरं वाटलं, मनापासून.

बाकी वाचणाऱ्यांना एकच विनंती. मानेत, काखेत, जांघेत गाठ आहे आणि टीबीच्या औषधाने महिना-दीड महिन्यात काहीच फरक नाही, तर गाठ काढून तपासा म्हणा. सुईच्या तपासणीत पेशी मिळतात, गाठीची रचना कळत नाही. भांडावं लागलं तरी भांडा.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी ३:०५

शाल्मली, वाचून सुन्न झालो. तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे. लिम्फोमा ओळखायला गाठीचा चांगला तुकडा लागतो, त्यावर निरनिराळ्या रंगाच्या तपासण्या होतात, मग प्रकार ठरतो. सुईत आलेल्या चार थेंबांवर ते होत नाही.

ओझरकर | बुधवार, दुपारी ४:३०

सोमेश्वरीताई, वडिलांना मुंबईला परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये नेणार का? आमच्याकडे कर्करोग म्हटलं की पंचवटी एक्सप्रेसचं तिकीटच काढतात.

सोमेश्वरी | बुधवार, संध्याकाळी ६:५०

शाल्मलीताई, तुझं वाचून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिले बराच वेळ. काय लिहू कळत नाही. तू लिहिलंस म्हणून किती घरं वाचतील.

ओझरकरकाका, पहिली किमो इथेच. या अवस्थेत प्रवास नको म्हणाले.

मीनल_सिडको | बुधवार, रात्री ८:१२

बरोबर केलंत. आम्हीही पहिली इथेच घेतली होती सासूबाईंची. दुसरं मत हवं असेल तर माणसाला न्यायची गरज नाही, बायप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या, त्या पाठवता येतात. तो तुमचा हक्क आहे, ब्लॉक जपून ठेवा.

आणखी काही, घाईत लिहितेय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते, रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून बसतात त्यांना आधार आणि रेशनकार्ड घेऊन भेटा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्याला सवलत मिळते. पुढे परळला जावं लागलंच तर राहायला दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, आम्ही नऊ दिवस होतो.

किमोतलं लाल औषध दिल्यावर लघवी लालसर होते, घाबरू नका. त्याच्या आधी हृदयाची टूडी इको आणि कावीळ बी ची तपासणी झाली ना ते विचारा. बोटांना मुंग्या आल्या, शर्टाचं बटण लागेना तर लगेच सांगा, दुसऱ्या एका औषधाने नसा बधिर होतात. सासूबाईंनी सांगितलंच नाही, पोळी लाटता येईना तेव्हा कळलं.

मिसळ_जरा_कमी_तिखट | बुधवार, रात्री ९:००

आमच्या काकूला मुंबईच्या डॉक्टरांनीच घरचं दही बंद केलं होतं! मग मी चुकलो कसा?

गोदातीर | बुधवार, रात्री ९:३५

तुमच्या काकूंच्या डॉक्टरांचं बरोबर आणि तुम्ही इथे जोडलेलं कारण वेगळं. किमोनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी खाली जातात, पुढचा आठवडाभर कमी असतात. त्या काळात कच्चं, उघड्यावरचं आणि जिवंत जीवाणू असलेलं खाणं टाळायला सांगतात. घरच्या विरजणात कोणते जंतू आहेत ते कुणी मोजलेलं नसतं. म्हणजे काळजी आहे ती जंतूंची. काउंट सावरले की पुन्हा खाता येतं. प्रत्येक केंद्राचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा आत्याबाईंनी आहारतज्ज्ञांनाच विचारावं.

मिसळ_जरा_कमी_तिखट | बुधवार, रात्री ९:४१

आता कळलं. आधीचे शब्द मागे घेतो. ताई, काकांना खाऊ द्या.

बागायतदार_निफाड | गुरुवार, सकाळी ७:१०

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. पंचवीस वर्षं द्राक्षावर फवारण्या करतोय, सुरुवातीला तर तोंडाला रुमाल बांधून. फवारणीने लिम्फोमा होतो असं ऐकतो. खरं काय?

गोदातीर | गुरुवार, दुपारी १:५५

अजिबात बाजूला नाही, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक माणसात कर्करोग करणारं असं ठरवलं, आणि तो कर्करोग म्हणजे लिम्फोमाच, हॉजकिन सोडून इतर. त्याच वर्षी ग्लायफोसेट तणनाशकाला कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्यांच्या गटात टाकलं. त्यावर इतर संस्थांचं मत वेगळं आहे आणि वाद चालू आहे. एका माणसाच्या गाठीचं बोट एका फवाऱ्याकडे दाखवता येत नाही. पण हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि घरात शिरण्याआधी अंघोळ, हे आजपासून करा. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलालाही करायला लावा.

बागायतदार_निफाड | गुरुवार, दुपारी ३:३०

मोजे आणतो आजच. मुलगा ऐकत नाही, त्याला हेच वाचायला देतो.

अश्विनी_देवळाली | गुरुवार, संध्याकाळी ५:४४

माझ्या आईच्या रिपोर्टमध्ये एलडीएच ८६० होतं, तेही लॅक्टिकच काहीतरी. म्हणजे तिलाही ॲसिड वाढलं होतं का?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

नाही अश्विनी. एलडीएच हे विकर आहे, म्हणजे साखर तोडताना मधे बनणाऱ्या पायरुवेटचं लॅक्टेट करणारा कामगार. लॅक्टेट म्हणजे त्याने तयार केलेला माल. पेशी भराभर वाढून फुटतात तेव्हा हे कामगार रक्तात सांडतात आणि आकडा वाढतो. लिम्फोमात तो महत्त्वाचा असतो. १९९३ पासून जो जोखमीचा गुणांक वापरतात त्यात वय, टप्पा, माणसाची हिंडण्या-फिरण्याची ताकद, गाठींबाहेरची जागा आणि एलडीएच असे पाच मुद्दे आहेत. पण एलडीएच वाढलेल्या बहुतेकांचं लॅक्टेट ठीकच असतं.

दोन गोष्टी लॅबच्या बाजूने सांगतो, कुणी सांगत नाही म्हणून. पहिली, युनिट बघा. काही लॅब मिलिमोलमध्ये देतात, काही मिलिग्रॅममध्ये. लिटरला एक मिलिमोल म्हणजे डेसिलिटरला ९ मिलिग्रॅम. मिलिग्रॅममधला १५ हा नॉर्मल आहे, मिलिमोलमधला १५ जिवावरचा. एका काकांनी असा नॉर्मल रिपोर्ट बघून मला रात्री दीड वाजता उठवलं होतं.

दुसरी, नमुना. पट्टा आवळून, मूठ उघडझाप करून रक्त काढलं तर लॅक्टेट खोटं वाढतं. नळीत रक्तपेशी जिवंतच असतात, त्या साखर खाऊन लॅक्टेट करत राहतात. म्हणून राखाडी झाकणाची नळी, बर्फात, आणि लगेच लॅबमध्ये. वॉर्डच्या ट्रेमध्ये तासभर पडलेल्या नळीवर विश्वास ठेवू नका. अनपेक्षित आकडा आला तर पुन्हा पाठवायला सांगा.

सोमेश्वरी | शुक्रवार, रात्री १०:२०

सूक्ष्मदर्शीकाका, काल मी सिस्टरना नम्रपणे विचारलं नळी बर्फात ठेवली का, तर त्यांनी झाकण उघडून थर्मासच दाखवला.

आकडे सांगते. गेल्या शुक्रवारी ९.४, सोमवारी ७.१, बुधवारी ४.०, आज २.६. साखर आपोआप वर आली. बी-१ चं इंजेक्शनही देतायत. श्वास उतरलाय. आज दुपारी ते झोपले होते आणि मी त्यांच्या छातीकडे बघत मोजत बसले, मिनिटाला १८. गेल्या शुक्रवारी ३४ होते. मानेची गाठ बोटाला लागेनाशी झालीय! सहा दिवसांत. लघवीचं प्रमाण आणि युरिक ॲसिड रोज बघतात, गाठी एकदम विरघळल्या की मूत्रपिंडावर ताण येतो म्हणे.

वाईनघरातला | शुक्रवार, रात्री १०:२८

वाचूनच आनंद झाला! टाकी शांत होतेय म्हणायची.

सायकलवेडा | शुक्रवार, रात्री १०:४५

१८! माझेच घाट उतरल्यावर एवढे कमी नसतात. काकांना दंडवत.

गोदातीर | शुक्रवार, रात्री ११:३०

फार छान. हा उतारच सांगतो की लॅक्टेट कुठून येत होतं. ही लढाई सहा पाळ्यांची आहे, २१-२१ दिवसांनी. एरवी या प्रकारच्या लिम्फोमात दहापैकी साधारण सहा जण पूर्ण बरे होतात. बाबांची सुरुवात अवघड होती, तेव्हा मधला पेट स्कॅन महत्त्वाचा. तो स्कॅनही याच गुणावर चालतो. किरणोत्सारी साखर टोचतात, हावरट पेशी ती ओढून घेतात आणि चमकतात. स्कॅनआधी उपाशी राहायचं आणि आदल्या दिवशी दमायचं नाही, नाहीतर पायाचे स्नायूच चमकतात.

लॅक्टेट बाहेर टाकायचं पेशीचं एक दार असतं. ते बंद केलं तर पेशी आतल्या आत गुदमरेल, या कल्पनेवर ब्रिटनमध्ये औषध तयार होऊन माणसांवर प्राथमिक चाचणीही झाली, लिम्फोमाचे रुग्ण त्यात होते. रोजच्या वापरात ते आलेलं नाही. पण वॉरबुर्गने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेल्या गोष्टीवर आज औषध शोधतायत, याचं मला फार वाटतं.

शाल्मली | शनिवार, सकाळी ८:००

सोमेश्वरी, मिनिटाला १८ हे वाचलं आणि रडू आलं. चांगलं रडू.

सोमेश्वरी | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, दुपारी २:१५

धागा वर काढते. दुसरी किमो सोमवारी झाली. लॅक्टेट १.३. वजन ६३.

हा धागा मी आत्याला तिच्या ओसरीवर बसून पहिल्यापासून वाचून दाखवला. नासक्या दुधाचं आलं तिथे तिने थांबवलं, "परत वाच." परत वाचलं. मग ती उठून आत गेली. मला वाटलं पुन्हा रडायला गेली. तर दूध तापवायला ठेवलं होतं.

पण लगेच नाही दिलं हं. पहिल्या किमोनंतर बाबांचे काउंट खाली गेले होते, तेव्हा आहारतज्ज्ञांनी घरचं दही थांबवलं, ताजं शिजवलेलंच दिलं. आत्याने एकही प्रश्न विचारला नाही, मला म्हणाली, "जंतूंसाठी ना? मग ठीक." काउंट वर आल्यावर परवानगी मिळाली. गेल्या गुरुवारी स्टीलचा डबा आला. झाकणावर तिने पट्टी चिकटवली होती, विरजण कधी लावलं ती वेळ आणि तारीख लिहून. बाबांनी दोन वाट्या दहीभात खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

ओझरकर | गुरुवार, दुपारी २:४०

मीठ कमी आहे म्हणाले म्हणजे माणूस बरा होतोय!

नवी_सभासद_गंगापूररोड | गुरुवार, रात्री ११:५२

आत्ताच खातं उघडलं. आईला कालच बर्किट लिम्फोमा सांगितलाय. आजच्या रिपोर्टमध्ये लॅक्टेट १९ लिहिलंय आणि समोर लाल बाण आहे. वर १५ जिवावरचा वाचलं. आई झोपलीय. मी काय करू?

सोमेश्वरी | गुरुवार, रात्री ११:५५

आधी आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते बघा, मिलिग्रॅम की मिलिमोल. मग आईचा श्वास मोजा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन्ही इथे लिहा, आणि मिलिमोल असेल किंवा श्वास भरभर चालत असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता तडक हॉस्पिटलला न्या. मी जागी आहे.

नवी_सभासद_गंगापूररोड | शुक्रवार, रात्री १२:०१

मिलिग्रॅम. श्वास १६.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, रात्री १२:०४

मीही जागा आहे. मिलिग्रॅममधला १९ म्हणजे मिलिमोलमधला २.१, सीमेच्या किंचित वर, म्हणून बाण. सकाळी हा कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि पट्टा न आवळता, राखाडी झाकणाच्या नळीत नमुना पुन्हा पाठवायला सांगा. रात्रीत श्वास वाढला तर मात्र सकाळची वाट बघू नका.